शह आणि चेक : शब्दाच्या अर्थाचा मालक कोण?

मुळाशी ‘खरा’ अर्थ असतो, ही समजूत

शब्दाच्या अर्थावरून वाद झाला की आपण कोश उघडतो आणि पहिली नजर व्युत्पत्तीकडे जाते. अमुक शब्द अमुक धातूपासून आला, म्हणून त्याचा ‘खरा’ अर्थ तमुक. आज लोक ज्या अर्थाने तो वापरतात तो सैल किंवा चुकीचा, असा निवाडा मग सहज दिला जातो. या निवाड्यामागे नदीचे चित्र असते. उगमाशी पाणी निर्मळ आणि पुढे गावोगावचा गाळ, तसा शब्दालाही एक शुद्ध उगम असतो आणि नंतरचे अर्थ हा त्याला लागलेला गाळ. इंग्रजीतल्या एखाद्या शब्दाला दहा-बारा परस्परांशी न जुळणारे अर्थ दिसले की ही समजूत आणखी घट्ट होते. ती भाषाच बेशिस्त, तिच्या शब्दांना धरबंध नाही, असे आपण म्हणतो.

ही समजूत मला उथळ वाटते, आणि ती का उथळ आहे ते मला एका शब्दाच्या आधाराने दाखवायचे आहे. माझे म्हणणे असे : शब्दाचा उगम त्याच्या अर्थाचा मालक नसतो. अर्थ पायरीपायरीने सरकतो. प्रत्येक पायरीमागे एखादी ठोस वस्तू, एखादे काम किंवा निकडीची गरज असते. प्रत्येक पायरी आपल्या लगतच्या पायरीला धरून असते, पहिल्या पायरीला नव्हे. त्यामुळे मधली एकही पायरी मनमानी नसूनही शेवटचा अर्थ पहिल्या अर्थातून कधीच काढता येत नाही. ही मांडणी तपासायला इंग्रजीतला ‘चेक’ हा शब्द उत्तम. तपासणे, रोखणे, बँकेचा कागद, चौकड्यांचे कापड, बरोबरची खूण, बुद्धिबळातला शह एवढे सगळे तो एकट्याने वाहतो. शिवाय तो मराठीत दोनदा आलेला आहे, दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी, आणि आपण त्या दोघांना एकमेकांचे नातलग म्हणून ओळखत नाही.

दोन परंपरा, दोन नावे

मुळात अर्थ शोधण्याच्या सवयीला युरोपात शास्त्राच्या नावातच पाठबळ मिळाले. ‘एटिमॉलॉजी’ या शब्दातला ग्रीक ‘एटिमॉस’ म्हणजे खरा. शब्दाचे मूळ शोधणे म्हणजे त्याचे सत्य शोधणे, हा दावा त्या नावातच गृहीत आहे. आपल्या ‘व्युत्पत्ती’ या शब्दात असा दावा नाही. त्यात फक्त उत्पन्न होणे आहे, खरेखोटे नाही.

एवढेच नव्हे, आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा थेट निकाल लावून ठेवला आहे. ‘कुशल’ हा शब्द मुळात कुश नावाचे गवत आणणाऱ्याचा. धारदार पाती हात न कापता खुडायला कौशल्य लागते, म्हणून त्याचा अर्थ निपुण झाला, असे मानले जाई. काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात हे लक्षणेचे, म्हणजे मुख्य अर्थ सोडून त्याला जोडलेला दुसरा अर्थ घेण्याचे, उदाहरण म्हणून दिले. मूळ अर्थ गवताचा, निपुण हा अर्थ रूढीने जडलेला. चौदाव्या शतकात साहित्यदर्पणकार विश्वनाथाने हे नाकारले. शब्द कसा तयार झाला याचे कारण वेगळे आणि तो कशासाठी वापरला जातो याचे कारण वेगळे, असे त्याने सांगितले. त्याचा दाखला विलक्षण नेमका आहे. ‘गो’ हा शब्द जाणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. घडणीचा अर्थ हाच मुख्य अर्थ मानला, तर ‘गाय निजली आहे’ हे साधे वाक्यसुद्धा लक्षणेशिवाय लागणार नाही, कारण जी जाते ती निजते कशी? मला या जागी विश्वनाथ आजच्या बहुतेक ‘मूळ अर्थ’वाल्यांपेक्षा सहाशे वर्षे पुढे दिसतो. तेल हा शब्द तिळापासून आला, आणि आपण खोबरेल तेल, एरंडेल तेल, मोहरीचे तेल बिनदिक्कत म्हणतो. त्यात तीळ कुठे आहेत, असे विचारणाऱ्याला किराणा दुकानात कोणी उत्तर देणार नाही.

पहिली पायरी : राजा ते इशारा

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस इराणचा सम्राट दारयवहू याने बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरवला. त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय’ म्हणवतो, म्हणजे राजा. संस्कृत ‘क्षत्र’ त्याच कुळातला. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या लेखांत नहपान या राजाची जी ‘क्षत्रप’ पदवी आहे, तिचे मूळही तेच. हा जुना इराणी शब्द झिजत झिजत फारसीत ‘शाह’ झाला.

इकडे भारतातून चतुरंग हा खेळ इराणला गेला आणि ‘चत्रंग’ झाला. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर तो ‘शतरंज’ या नावाने अरबी जगात पसरला आणि तिथून स्पेन-इटलीमार्गे युरोपात उतरला. खेळाची एक रीत त्याच्याबरोबर गेली. प्रतिपक्षाच्या राजावर चाल आली की खेळाडूने ‘शाह’ असे उच्चारून सावध करायचे. इथे पहिला पालट झाला. ‘शाह’ म्हणजे राजा होते. पटावर ते ‘तुझा राजा संकटात आहे’ या इशाऱ्याचे नाव झाले. अरबी न जाणणाऱ्या युरोपीय खेळाडूच्या कानावर फक्त तो इशारा पडत होता. लॅटिनने त्याचे ‘स्काकुस’ केले, जुन्या फ्रेंचने ‘एशेक’, आणि इंग्रजीने आरंभीचा स्वर गाळून ‘चेक’. फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून इंग्रजीत खेळाचेच नाव पडले, ‘चेस’. म्हणजे चेस आणि चेक हे एकाच शब्दाचे दोन आकार आहेत.

त्याच्या जोडीचा ‘मात’ शब्द दोन प्रकारे लावतात. अरबीप्रमाणे ‘मेला’, फारसीप्रमाणे ‘हतबुद्ध झाला’. पटावर राजा कधी मारला जात नाही, म्हणून मला फारसी अर्थ जवळचा वाटतो. पण या वादाचा निकाल काहीही लागो, त्याने एकाही डावाचा निकाल बदलत नाही. व्युत्पत्तीचा अधिकार कुठे संपतो, ते इथेच दिसते.

दुसरी पायरी : पट ते तिजोरी

खेळाच्या नावावरून पटाला नाव पडले. लॅटिनमध्ये ‘स्काकारियम’, फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’. आता इंग्लंडात बाराव्या शतकात काय घडले ते पाहा, कारण अर्थबदलाचे इतके स्वच्छ, लिखित उदाहरण क्वचितच मिळते. राजाच्या वतीने परगण्याचा वसूल गोळा करणारे शेरीफ वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमासला, हिशेब द्यायला येत. हिशेब रोमन अंकांत लिहिलेले असत, आणि रोमन अंकांत बेरीज-वजाबाकी करणे फार जिकिरीचे. म्हणून दहा फूट लांब, पाच फूट रुंद असे एक मोठे मेज मांडले जाई. त्यावर रेघा आखलेले काळे कापड अंथरत आणि रकान्यांत सोंगट्या ठेवत. एका रकान्यात पेनी, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, वीस पौंड, शंभर, हजार. येणे एका ओळीत आणि भरलेले दुसऱ्या ओळीत मांडले की बाकी डोळ्यांना दिसे. अक्षरओळख नसलेल्या शेरीफलाही आपण किती देणे लागतो हे समजे.

या कचेरीच्या कामकाजावर खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकाच्या अखेरीस गुरुशिष्य-संवादाच्या रूपात एक ग्रंथ लिहिला. त्यात शिष्य विचारतो, या कचेरीला हे नाव का? गुरू दोन कारणे देतो. एक, मेज बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते. दुसरे, पटावर जसे दोन पक्ष झुंजतात, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची झुंज चालते. साम्य कशाकशाचे होते, हे त्या काळच्या, त्याच कचेरीत बसणाऱ्या माणसाने लिहून ठेवले आहे. कापडावरून मेजाला, मेजावरून कचेरीला, कचेरीवरून राजाच्या खजिन्याला ते नाव लागले. आजही ब्रिटनचा अर्थमंत्री ‘चॅन्सेलर ऑफ दि एक्सचेकर’ म्हणवतो. इराणच्या राजाचे नाव ब्रिटनच्या तिजोरीवर आहे, आणि राजा व तिजोरी यांचा जो संबंध कोणालाही चटकन सुचेल, त्या संबंधाने ते तिथे आलेले नाही. मध्ये एक खेळ आहे, एक पट आहे आणि एक रेघांचे कापड आहे. मुळावरून अर्थ काढणारा इथे ‘राजाचा म्हणून खजिना’ असे आत्मविश्वासाने सांगेल, आणि साफ चुकेल.

मूळ ‘सुधारण्याच्या’ भरात झालेली चूक

याच नावात आणखी एक पुरावा दडला आहे. फ्रेंच ‘एशेकिए’च्या आरंभीचा ‘ए’ हा केवळ उच्चाराच्या सोयीसाठी आला होता. आरंभीचे जोडाक्षर जड जाते म्हणून आपल्याकडे काही जण ‘स्टेशन’चे ‘इस्टेशन’ करतात, तसा. इंग्लंडातल्या लिहिणाऱ्यांना वाटले, हा लॅटिनमधला ‘एक्स’ हा उपसर्ग झिजून राहिला असावा. म्हणून त्यांनी तो ‘परत’ बसवला, आणि ‘एक्सचेकर’ असे रूप रूढ झाले. ते ‘एक्स’ कधी तिथे नव्हतेच. शब्दाला त्याच्या मुळाकडे नेण्याच्या उत्साहात त्याला खोटे मूळ चिकटवले गेले, आणि ते आज आठशेहून अधिक वर्षांच्या संस्थेच्या पाटीवर आहे. तरीही त्या नावाने चाललेला कारभार खोटा ठरला नाही. अर्थ त्या चुकीवर उभाच नव्हता.

तिसरी पायरी : अडवणे ते पडताळणे

दुसरी फांदी इशाऱ्यापासून फुटली. शह मिळाला की खेळाडूचे बाकीचे सगळे बेत थांबतात; आधी राजा सोडवावा लागतो. या अचानक थबकण्यावरून पटाबाहेर ‘चेक’ म्हणजे अडवणूक, खीळ, आवर असा अर्थ आला. फ्रेंचमध्ये तोच शब्द आणखी पुढे जाऊन सरळ ‘अपयश’ झाला. इंग्रजीत तो आवर घालण्याशी थांबला, आणि अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये लिहिली गेली तेव्हा सत्तेच्या एका अंगाने दुसऱ्याला आवरण्याच्या तरतुदींसाठी हाच शब्द हाताशी होता. राजाचे नाव सत्तेला वेसण घालण्याचे नाव झाले. कोणी ठरवून हे केले नाही. त्या घटनाकारांच्या मनात शाह नव्हता, फक्त लगतचा अर्थ होता.

अडवण्यापासून पडताळण्यापर्यंतची पायरी हिशेबाची आहे. कारकुनाची लबाडी अडवायची तर त्याच्या वहीला दुसरी वही ताडून पाहायची. सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘चेक’ या क्रियापदाला दुबार नोंदीने ताडून पाहण्याचा अर्थ स्पष्ट मिळालेला दिसतो. इथे रोखणे आणि तपासणे हे एकच काम आहे. पुढे ‘रोखणे’ गळाले आणि ‘तपासणे’ उरले. बरोबरची खूण, विमानतळावरचे चेक-इन, रस्त्यावरचा चेकनाका हे सगळे याच फांदीचे.

बँकेचा चेक इथूनच निघतो, आणि तो निघतो कसा हे पाहण्यासारखे आहे. बँक ऑफ इंग्लंड १६९४ मध्ये स्थापन झाली. लेखी आदेशांवर पैसे द्यायचे तर बनावट कागदाची भीती. त्यावर जुना उपाय होता. इंग्लंडच्या खजिन्यात पावतीच्या लाकडी कांडीवर खाचा पाडून ती उभी चिरत. अर्धी पैसे भरणाऱ्याकडे, अर्धी कचेरीत. दोन्ही जुळल्या तरच व्यवहार खरा. कागदात त्याच युक्तीची स्थळप्रत झाली. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ हे नाव या स्थळप्रतीचे होते, कारण ती पडताळणीची गोष्ट होती. मग ज्या आदेशाला अशी स्थळप्रत असे, तो फाडून दिलेला आदेशच चेक म्हणवला जाऊ लागला. मागे राहणाऱ्या तुकड्याचे नाव पुढे जाणाऱ्या तुकड्याने घेतले. ब्रिटनमध्ये पुढे त्याचे स्पेलिंग ‘एक्सचेकर’च्या छापाने बदलले, अमेरिकेत जुनेच राहिले.

चौकड्यांच्या कापडाची फांदी छोटी आहे. पटासारखे दिसते म्हणून ते नाव, एवढाच तिचा इतिहास.

आक्षेप पहिला : शब्द एक कशावरून?

कोणी म्हणेल, हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ कशावरून? आवाज जुळणारे निरनिराळे शब्दही असू शकतात. प्रश्न रास्त आहे. मराठीत ‘चेक’ लिहिला की तो मध्य युरोपातल्या एका देशाचे नावही होतो, आणि त्याचा शाहाशी काही संबंध नाही. मराठीतले ‘शहाणा’ आणि ‘शाहीर’ हेही शाहाच्या घरचे नव्हेत. पहिला ‘सज्ञान’पासून आला, दुसरा कवी या अर्थाच्या अरबी ‘शाइर’पासून. म्हणूनच नुसत्या आवाजावर भिस्त ठेवता येत नाही. दोन अर्थांमधली मधली पायरी लेखी पुराव्यात दाखवता आली पाहिजे. बँकेचा चेक हा अरबी ‘सक्क’ या शब्दापासून आला, असे पुष्कळदा सांगितले जाते. मध्ययुगीन अरबी व्यापारात सक्क नावाचा पैसे देण्याचा लेख होता, यात शंका नाही. आपल्याकडे हुंडीही होतीच. पण वस्तू जुनी असणे वेगळे आणि शब्द तिच्यापासून येणे वेगळे. इंग्रजीतला पुरावा स्थळप्रतीपासून सुरू होतो आणि स्थळप्रतीमागे तपासण्याचे क्रियापद उभे आहे. ही साखळी अखंड आहे. तिच्यात सक्कला शिरायला जागा नाही.

आक्षेप दुसरा : मग वाटेल तो अर्थ चालेल?

हा आक्षेप जास्त गंभीर आहे. मूळ नाकारले तर शब्द चुकीचा वापरला असे म्हणायला आधार कोणता उरतो? माझे उत्तर असे की आधार मुळात कधी नव्हताच. तो नेहमीच समाजाच्या चालू वहिवाटीत होता, आणि ती वहिवाट कोणा एकाच्या मर्जीपेक्षा कितीतरी कडक असते. वर दाखवलेल्या प्रत्येक पायरीला ऐकणाऱ्याची संमती लागली आहे. पटासारखे मेज समोर दिसत होते, म्हणून नाव टिकले. मी उद्या खुर्चीला चेक म्हणालो तर ते टिकणार नाही, आणि ते टिकू नये यासाठी फारसीची साक्ष काढायची गरज पडणार नाही. उलट मूळ हाच कायदा मानला तर सगळी भाषाच गुन्हेगार ठरते, कारण मुळाच्या अर्थात थांबलेला शब्द शोधून सापडणे कठीण.

व्युत्पत्ती म्हणून निरुपयोगी ठरते का? मुळीच नाही. ती इतिहास आहे आणि इतिहास म्हणून अनमोल आहे. एका शब्दात चतुरंगाचा प्रवास, रोमन अंकांची अडचण, बनावट कागदाची भीती साठलेली असते, आणि ती दुसऱ्या कुठल्या साधनातून इतकी स्पष्ट दिसत नाही. फक्त तिला न्यायाधीशाच्या जागी बसवू नये. तिची जागा साक्षीदाराची.

आक्षेप तिसरा : एका शब्दाला एकच अर्थ बरा

नेमकेपणासाठी दर अर्थाला वेगळा शब्द हवा, असे म्हणणारे वाक्याला विसरतात. चेक वटतो, चेक केला जातो, शर्ट चेक्सचा असतो. ‘तो चेक नीट चेक कर’ या वाक्यात एकच शब्द दोन अर्थांनी शेजारी आला तरी मराठी माणूस अडखळत नाही, कारण क्रियापद आणि जागा अर्थ वेगळे ठेवतात.

मराठीतले दोन वारस

आता आपल्या घरी. फारसी राजवटींतून मराठीत ‘शह’ आला, आणि आपण त्याला इतके आपलेसे केले की त्याच्यापुढे मराठी ‘काट’ जोडून ‘काटशह’ घडवला. मराठी पटावर सोंगटीला आपण राजा म्हणतो आणि इशाऱ्याला शह. शह देणाऱ्या मुलाला शह म्हणजे राजा हे ठाऊक नसते. पुढे इंग्रजीतून ‘चेक’ आला. युरोपची प्रदक्षिणा करून तोच शब्द समुद्रमार्गे मुंबईला पोचला. आपण त्याचे तपासण्याचे, बँकेचे, कापडाचे, नाक्याचे अर्थ घेतले. रोखण्याचा, आवर घालण्याचा अर्थ मात्र आपण घेतला नाही. विरोधकांना चेक दिला, असे कोणी मराठीत म्हणत नाही. शह दिला म्हणतो. मला याचे कारण स्पष्ट दिसते : ती जागा थोरल्या भावाने आधीच अडवली होती. उसना शब्द आपल्या सगळ्या अर्थांसह येत नाही. यजमान भाषेत जी जागा रिकामी असेल तिथेच तो बसतो.

याच शाहाचे दुसरे मराठी रूप त्याहून महत्त्वाचे आहे. आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही या घराण्यांच्या नावांतून मराठीने ‘शाही’ हा प्रत्यय सोडवून घेतला आणि त्याला राज्यपद्धती, अंमल असा अर्थ दिला. मग शिवशाही झाली, नोकरशाही, हुकूमशाही, भांडवलशाही, घराणेशाही झाली, आणि लोकशाही झाली. मूळ अर्थ हाच खरा अर्थ मानणाऱ्याने ‘लोकशाही’ हा शब्द सोडून द्यायला हवा, कारण त्याचे अर्धे अंग राजा आहे. कोणी तो सोडत नाही, सोडूही नये. राजाशिवायच्या राज्याला मराठीने राजाच्याच शब्दातून नाव दिले, आणि मतदाराला त्यात कधी विसंगती वाटली नाही.

शब्द परका म्हणून टाकावा की ठेवावा, हा प्रश्न वेगळा आहे. ‘धनादेश’ हा चांगला, स्वच्छ शब्द आहे आणि तो वापरण्याला माझी हरकत नाही. पण धनादेश चेकपेक्षा ‘खरा’ आहे, कारण त्याचे अवयव उकलून अर्थ कळतो, हा युक्तिवाद मला मान्य नाही. गावातल्या बाजारपेठेत व्यापारी अजूनही ‘चेक फाडून दिला’ म्हणतो. तुकडे करून टाकला असा त्याचा अर्थ कोणी घेत नाही. स्थळप्रतीपासून अलग करून दिला, हे त्या ‘फाडण्या’त जिवंत आहे, म्हणजे ज्या स्थळप्रतीने इंग्रजी शब्दाला जन्म दिला तिची आठवण मराठी क्रियापदाने जपली आहे. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम ६ मध्ये चेकची व्याख्या आहे. २००२ च्या दुरुस्तीने तिच्यात चेकची इलेक्ट्रॉनिक प्रतिमा आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातला चेकही आला. या शेवटच्या प्रकाराला स्थळप्रत नाही, कागद नाही, फाडण्याजोगे काहीच नाही. तरी तो न वटल्यास कलम १३८ खाली जी तक्रार दाखल होईल, तिच्यात त्याचे नाव चेक असेच लिहिले जाईल.